वायरकटवर कापता येणारं झिर्कोनिया: टक्केवारीच्या आधीचा हिशेब

कुपवाड एमआयडीसीतल्या एका टूलरूमचा प्रश्न आलाय. त्यांच्याकडे दोन वायरकट आणि एक स्पार्क मशिन आहे; पहिलं तारेने, दुसरं इलेक्ट्रोडने ठिणग्या पाडून माल कापतं. प्रेस टूल आणि कार्बाइडच्या डाय हे रोजचं काम. एक गिऱ्हाईक आता झिर्कोनियाची, म्हणजे चिवट पण वीज न वाहणाऱ्या सिरॅमिकची, डाय मागतंय. बाहेरून ग्राइंडिंग जमतं, पण आतल्या प्रोफाइलच्या कोपऱ्यात डायमंड व्हील शिरत नाही. झिर्कोनियात टायटॅनियम नायट्राइड मिसळलं की ते वायरकटवर कापलं जातं, असं त्यांच्या कानावर आलंय. तर किती टक्के मिसळायचं, सांगली-मिरजेत कुठल्या भट्टीत भाजून मिळेल, आणि स्टील कापणारं मशिन हे कापेल का, असे तीन प्रश्न आहेत.

मी साताऱ्यात पावडर आणि भट्टीच्या बाजूने हेच काम करतो, म्हणून आधी सरळ उत्तरं देतो. टक्केवारी आकारमानाने ३५ च्या आसपास धरा. हवेत चालणाऱ्या कुठल्याही भट्टीत हे भाजता येणार नाही. मशिन कापेल, सेटिंग बदलावं लागेल. पण एवढ्यावर विसंबून पावडर मागवलीत तर पैसे पाण्यात जायची शक्यता जास्त. या कामात घोडं अडतं ते पावडर किती सारखी मिसळली यावर. तीस टक्क्यांचा नीट मिसळलेला तुकडा लोण्यासारखा कापला जातो आणि चाळीस टक्क्यांच्या गाठाळलेल्या तुकड्यात वायर दर पाच मिनिटांनी तुटते.

आणि व्यवहाराची एक गोष्ट लगोलग सांगून टाकतो. डाय चार-सहाच हव्या असतील तर नवं सिरॅमिक तयार करण्याच्या फंदात पडू नका. वीज वाहणारी सिरॅमिक्स तयार मिळतात, त्यातलं एखादं चालतंय का ते आधी बघा. त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. काम वर्षानुवर्षं येणार असेल आणि गिऱ्हाइकाला झिर्कोनियाचाच चिवटपणा हवा असेल, तरच पुढचा खटाटोप परवडतो.

आता रोधाचा हिशेब. पुस्तकात एक मर्यादा दिलेली असते: जॉबची, म्हणजे कापायच्या तुकड्याची, रोधकता साधारण १०० ओहम-सेंटिमीटरच्या खाली असली की ईडीएम, म्हणजे ठिणगीने कापणं, होतं. ही मर्यादा खोटी नाही, पण तिच्या भरवशावर दुकान चालवता येत नाही. का ते बघा. ठिणगी जॉबच्या पृष्ठभागावर टेकते तो ठिपका फार लहान असतो, समजा ५० मायक्रॉन व्यासाचा. सगळा करंट त्या ठिपक्यातून आत शिरून मग पसरतो. अशा गोल ठिपक्यापाशी जो रोध तयार होतो तो रोधकतेला ठिपक्याच्या व्यासाच्या दुपटीने भागून मिळतो. रोधकता १ ओहम-सेंटिमीटर धरली, म्हणजे पुस्तकी मर्यादेच्या शंभरावा भाग, तरी हा रोध १०० ओहम येतो. मशिनने १०० व्होल्ट दिले आणि त्यातले पंचवीसेक व्होल्ट ठिणगीत खर्ची पडले, तर उरलेल्या ७५ व्होल्टमध्ये जेमतेम पाऊण अँपिअर वाहील. तुम्ही पॅनेलवर दहा अँपिअर लावून बसा, ते जॉबपर्यंत पोचतच नाहीत.

तीच रोधकता ०.०१ ओहम-सेंटिमीटर केली तर ठिपक्याचा रोध १ ओहम. दहा अँपिअरला दहा व्होल्ट जातात, म्हणजे काम होतं पण मशिनला गॅपचं, म्हणजे वायर आणि जॉबमधल्या फटीचं, व्होल्टेज चुकीचं दिसतं. ०.००१ वर आणली तर एक व्होल्टच जातो आणि ही फट राखत वायर पुढे-मागे करणाऱ्या सर्व्होला जॉब धातूसारखाच वाटतो. म्हणून मी ०.०१ ही परीक्षा पास होण्याची रेघ मानतो आणि ०.००१ हे लक्ष्य ठेवतो. हा हिशेब खोलीच्या तापमानाचा आहे. सिलिकॉन कार्बाइडसारख्या अर्धवाहकांचा रोध तापल्यावर उतरतो, त्यामुळे ती याहून वाईट आकडा असूनही कापली जातात, पण रडतखडत.

तुलनेसाठी सांगायचं तर शुद्ध अल्युमिनाची रोधकता दहाच्या चौदाव्या घाताच्या ओहम-सेंटिमीटरपुढे असते. टायटॅनियम नायट्राइडची वीस-पंचवीस मायक्रोओहम-सेंटिमीटर, म्हणजे टूल स्टीलपेक्षा बरी. या दोन टोकांच्या मध्ये पावडरी मिसळून आपल्याला उतरायचं आहे.

तयार मिळणाऱ्या मालाबद्दल. किर्लोस्करवाडीमुळे सांगली जिल्ह्यात पंपाची कामं करणारे पुष्कळ आहेत, त्यांना मेकॅनिकल सीलमधली सिलिकॉन कार्बाइडची काळपट रिंग अनोळखी नाही. त्यातला एक प्रकार असा की कार्बाइडच्या कणांमधल्या फटींत वितळलेलं सिलिकॉन भरलेलं असतं. या मोकळ्या सिलिकॉनमुळे तो वायरकटवर कापला जातो. सिलिकॉन १४१४ अंशालाच वितळतं, कार्बाइड त्याच्या कितीतरी पुढे टिकतं, त्यामुळे ठिणगीने आधी सिलिकॉन निघून जातं आणि कार्बाइडचे कण मागून गळून पडतात. फिनिश त्यामुळे खरखरीत येतो. दुसरा प्रकार, मोकळं सिलिकॉन नसलेला, पुष्कळ वेळा नीट कापला जात नाही. दोन्ही दिसायला भावंडं. विकणाऱ्याला विचारा, आणि विचारूनही स्वतः मोजा.

दुसरी तयार वस्तू तुमच्या शेजारच्या सीएनसीवाल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. कडक केलेलं स्टील टर्न करायला जो काळा सिरॅमिक इन्सर्ट वापरतात तो अल्युमिनात टायटॅनियम कार्बाइड मिसळून केलेला असतो, वजनाने साधारण ३० टक्के. एखादा झिजलेला इन्सर्ट मागून घ्या आणि मल्टिमीटरचे पिन लावून बघा, वीज वाहते. हार्ड डिस्कमधल्या वाचन-लेखन हेडचा स्लायडरही याच जातीच्या मालाचा करतात. कडकपणा भरपूर, चिवटपणा झिर्कोनियापेक्षा कमी. ठोके न खाणाऱ्या डायला हा माल चालतो.

बोरॉन कार्बाइड आणि टायटॅनियम डायबोराइड हीही स्वतःच वीज वाहतात. बोरॉन कार्बाइड मध्यम, डायबोराइड अगदी धातूसारखं. पण दोन्ही महाग, ठिसूळ, आणि तुमच्या गिऱ्हाइकाला नको असलेली.

एक सावधगिरी: बाजारात काळं झिर्कोनिया मिळतं. त्यातलं बहुतेक ऑक्साइडचे रंग घालून काळं केलेलं असतं आणि वीज अजिबात वाहत नाही. रंग बघून माल उचललात तर मशिनवर लावल्यावर ठिणगीच पडणार नाही.

आता मिश्रण. टक्केवारी नेहमी आकारमानात विचार करा आणि वजनात तोला, कारण वीज जागा किती व्यापली ते बघते आणि तराजू वजन बघतो. सगळे कण साधारण सारख्या आकाराचे आणि अस्ताव्यस्त मिसळलेले असतील तर वाहक कणांनी आकारमानाच्या सुमारे १६ टक्के जागा व्यापली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रस्ता तयार व्हायला लागतो. सतरा-अठरा टक्क्यांवर मल्टिमीटर आवाज करतो आणि माणूस खूश होतो. पण त्या वेळी रस्ता एकपदरी असतो. एका कणाचा दुवा ठिणगीने उडाला की पलीकडचा भाग बेट होऊन बसतो. ईडीएममध्ये तर आपण प्रत्येक ठिणगीला रस्ताच खोदत असतो, म्हणून जाळं दाट हवं. ३० ते ४० टक्के हा पट्टा त्यासाठी.

झिर्कोनियाची घनता ६.०५ आणि टायटॅनियम नायट्राइडची ५.४ धरली, तर आकारमानाने ३५ टक्के म्हणजे वजनाने साडेबत्तीस. एक किलोच्या घाण्याला ३२५ ग्रॅम नायट्राइड आणि ६७५ ग्रॅम झिर्कोनिया. हेच टंगस्टन कार्बाइड वापरून करायचं तर त्याची घनता १५.६, म्हणून त्याच ३५ टक्क्यांना वजनाने ५८ टक्के कार्बाइड लागेल. कुणी तुम्हाला नुसतं ‘तीस टक्के घाला’ म्हणालं, तर कुठले टक्के ते आधी विचारा. वर सांगितलेल्या काळ्या इन्सर्टमधले वजनाचे ३० टक्के आकारमानात २६ च भरतात.

नायट्राइड घ्यावं की कार्बाइड? टंगस्टन कार्बाइडने डाय जास्त ताठ आणि कडक होते, पण भट्टीत ते झिर्कोनियाशी थोडी प्रतिक्रिया करतं, कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि छिद्रं राहू शकतात. शिवाय दोघांचं उष्णतेने फुगणं जुळत नाही: झिर्कोनिया अंशाला दहा-साडेदहा मायक्रॉन प्रति मीटर, टंगस्टन कार्बाइड पाच-सव्वापाच. टायटॅनियम नायट्राइड नऊच्या पुढे, म्हणजे झिर्कोनियाच्या जवळ. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला मी नायट्राइडच सांगेन. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात झिर्कोनियात नायट्राइड आणि कार्बाइड दोन्ही घालून, त्यांची ईडीएमवर चाचणी घेऊन बरंच काम झालंय. जर्मनीत श्टुटगार्टला अल्युमिना-झिर्कोनियात टायटॅनियम कार्बाइड घालून. त्यांचे लेख मिळाले तर जरूर वाचा, पण त्यांच्याकडची पावडर तयार करण्याची शिस्त लेखात दोन ओळींत संपते आणि खरी मेहनत त्या दोन ओळींतच असते.

झिर्कोनिया इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) घातलेलं हवं, दोन ते तीन मोल टक्क्यांचं. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना स्फटिकरूप बदलतं, फुगतं आणि तुकडे तुकडे होतं. दाबायला सोपं जावं म्हणून काही पुरवठादार झिर्कोनिया गोळीबंद स्वरूपात देतात, बारीक कणांच्या पन्नास-साठ मायक्रॉनच्या गोल गोळ्या करून. तसाच माल नायट्राइडमध्ये कोरडा ढवळलात तर काय होतं? गोळीच्या बाहेर नायट्राइड चिकटतं, आत शुद्ध झिर्कोनिया तसंच राहतं. पॉलिशच्या ढोलात हळकुंडांवर हळदपूड चढते ना, अगदी तसं. गंमत म्हणजे वीज वाहायला हे वाईट नाही. वाहक पावडर फक्त कडांवर राहिल्यामुळे कमी टक्क्यांतही रस्ता सलग होतो, आणि काही संशोधक मुद्दाम हेच करतात. पण ते गाभे एक-दोन मायक्रॉनचे असतील तरच. पन्नास मायक्रॉनचा गाभा म्हणजे आपल्या ठिणगीच्या ठिपक्याएवढं बेट. वायर तिथे पोचली की ठिणगी पडत नाही, सर्व्हो वायरला पुढे रेटतो, वायर त्या बेटाला टेकते, बाजूच्या वाहक भागात शॉर्ट होते आणि तुटते.

म्हणून दळण ओलं घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल, झिर्कोनियाच्याच गोळ्या, प्लास्टिकची बरणी, आणि एक-दोन दिवस सावकाश फिरणारी मिल. झिर्कोनियाच्या गोळ्या झिजल्या तरी मिश्रणात झिर्कोनियाच मिसळतं, हिशेब फारसा बिघडत नाही. स्टीलच्या गोळ्या मात्र नकोत, लोखंड आत जाईल. पाण्यात दळू नका. पाणी स्वस्त आहे, पण सुकताना गाठी घट्ट होतात आणि बारीक नायट्राइडला ऑक्सिजन लावतं. अल्कोहोलच्या वाफा पेट घेतात, तेव्हा दळायची आणि सुकवायची जागा तुमच्या स्पार्क मशिनपासून लांब असू द्या. टायटॅनियम नायट्राइडची बारीक पावडर हवेत उडाली तर तीही पेटू शकते. झाडू मारून गोळा करू नका, ओल्या फडक्याने पुसा.

दळणाइतकंच सुकवणं नाजूक. बरणीतलं काढून ट्रेमध्ये ओतून ठेवलंत तर जड आणि मोठे कण खाली बसतात, हलके वर राहतात, आणि दोन दिवस केलेलं मिश्रण तासाभरात वेगळं होतं. टंगस्टन कार्बाइडच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसतं: तळाशी राखाडी थर, वर पांढरट. रोटरी इव्हॅपोरेटर वापरा, म्हणजे सुकेपर्यंत ते हलतं राहतं. तो नसेल तर मिश्रण शक्य तेवढं घट्ट ठेवा आणि आटेपर्यंत ढवळत राहा, कंटाळा करू नका. मग चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेल्या गाठी हाताने चोळून खाली ढकलायचा मोह होतो. त्या परत दळायला टाका. पावसाळ्यात साताऱ्याच्या हवेत उघडी ठेवलेली पावडर रात्रीत ओल धरते, सांगलीत थोडं बरं, पण झाकण घट्ट आणि आत सिलिका जेल हे दोन्हीकडे सारखंच.

भट्टीचा प्रश्न. टायटॅनियम नायट्राइड हवेत तापवलं तर सहाशे-आठशे अंशांच्या पुढे त्याचं ऑक्साइड होतं. ऑक्साइड वीज वाहत नाही, आणि जागा नायट्राइडच्या दीडपटीहून जास्त घेतं. म्हणजे वाहकपणाही गेला आणि तुकडाही फुटला. कराडजवळ ओगलेवाडीला ज्या काळी प्रभाकर कंदिलाची काच होत होती तेव्हापासून आपल्या भागाला भट्टी नवी नाही, फाउंड्रीच्या भट्ट्या तर गल्लोगल्ली. पण त्या सगळ्या हवेत चालणाऱ्या. इथे लागते ती निर्वात किंवा नायट्रोजन-आरगॉनची, आणि बरं फळ हवं असेल तर वरून दाबणारी, म्हणजे हॉट प्रेस. झिर्कोनिया-नायट्राइडला १४५० ते १५५० अंश, ग्रॅफाइटच्या साच्यात सुमारे ३० मेगापास्कल दाब, कमाल तापमानाला तासभर. विजेच्या पल्सने तापवणारी स्पार्क प्लाझ्मा प्रेस मिळाली तर तेच काम काही मिनिटांत होतं आणि कण वाढत नाहीत. दाबाशिवायही भाजता येतं, पण नायट्राइडचं जाळं आकसायला आडवं येतं, आणि ३५ टक्क्यांवर छिद्रं राहिलीच म्हणून समजा.

ही यंत्रं आपल्या एमआयडीसीत मिळणार नाहीत. हैदराबादचं पावडर मेटलर्जीचं संशोधन केंद्र, म्हणजे एआरसीआय, आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था हे दोन सरकारी दरवाजे आधी ठोठावावेत. स्वतःची हॉट प्रेस घेण्याचा विचार पहिल्या गिऱ्हाइकाच्या जोरावर करू नका. वालचंद कॉलेज किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत ओळख काढून ठेवा. मायक्रोस्कोप आणि मोजमाप तिथे होऊ शकतं, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना असा खरा प्रोजेक्ट हवाच असतो.

भाजून आलेली चकती हातात घेतल्यावर लगेच मशिनवर चढवू नका. हॉट प्रेसमधून निघालेल्या चकतीच्या दोन्ही तोंडांना ग्रॅफाइटचा कागद किंवा बोरॉन नायट्राइडचा लेप चिकटलेला असतो. ग्रॅफाइट वीज वाहतं, बोरॉन नायट्राइड वाहत नाही. त्यामुळे मल्टिमीटरला एका जागी शून्य आणि बोटभर अंतरावर अनंत दिसेल, आणि दोन्ही आकडे सिरॅमिकचे नसतील. डायमंड व्हीलने दोन्ही तोंडं घासून घ्या.

मग एक पट्टी कापा, ४ बाय ३ मिलिमीटर छेदाची. दोन टोकांना तांब्याच्या क्लिपा लावून एक अँपिअर डीसी सोडा आणि मधल्या दोन टोकदार पिनांमध्ये, २० मिलिमीटर अंतरावर, मिलिव्होल्ट मोजा. करंटच्या तारा वेगळ्या, मोजायच्या तारा वेगळ्या; यालाच चार पिनांची पद्धत म्हणतात. मीटरने १७ मिलिव्होल्ट दाखवले तर रोध ०.०१७ ओहम, त्याला छेदाच्या ०.१२ चौरस सेंटिमीटरने गुणा, २ सेंटिमीटरने भागा: रोधकता ०.००१ च्या थोडी वर. काम झालं. याच पट्टीला मल्टिमीटरच्या दोन पिना लावल्या तर तो तारांचा आणि टोकांचाच रोध मोजून काहीतरी अर्धा ओहम दाखवेल. तेवढ्यावरून वेळेचा आणि दराचा अंदाज बांधू नका. दाबाच्या दिशेला आणि आडवी अशा दोन पट्ट्या मोजा. हॉट प्रेसमध्ये दोन्ही दिशांचे आकडे थोडे वेगळे येतात. पण एकाच दिशेच्या दोन पट्ट्यांत दुपटीचा फरक आला तर मिश्रणात गडबड आहे.

मोजण्याहून जास्त विश्वास मी डोळ्यांवर ठेवतो. एक तुकडा डायमंड पेस्टने आरशासारखा करा आणि कॉलेजच्या साध्या धातूच्या मायक्रोस्कोपखाली ठेवा. झिर्कोनिया राखाडी दिसतं आणि टायटॅनियम नायट्राइड चक्क सोनेरी. हा एक फायदा कार्बाइडवाल्यांना मिळत नाही. चांगल्या तुकड्यात सोनेरी रंग बारीक नक्षीसारखा सगळीकडे सारखा पसरलेला असतो, नजरेला कुठे अडकायला जागा नसते. वाईट तुकड्यात सोनेरी ढेकळं दिसतात आणि त्यांच्यामध्ये कोरे राखाडी पट्टे. त्या पट्ट्यांची रुंदी मोजा. दहा मायक्रॉनच्या आत असेल तर चालवून घ्या. तीस-चाळीस दिसली तर ती चकती वायरवर लावून वायर फुकट घालवण्यात अर्थ नाही. पावडरीकडे परत जा.

आता मशिन. लाझारेन्को दांपत्याने १९४३ मध्ये सोव्हिएत संघात ठिणगीने धातू कापायची युक्ती काढली तेव्हापासून सेटिंगचे सगळे तक्ते धातूसाठी बनत आलेत. तुमच्या कंट्रोलमध्ये सिरॅमिकचा तक्ता बहुधा नसेल. कार्बाइडचा घ्या आणि त्यातल्या सगळ्यात हलक्या ओळीपासून सुरू करा. पल्सचा ऑन-टाइम छोटा ठेवा. स्टीलमध्ये मोठा पल्स म्हणजे जास्त माल निघतो. सिरॅमिकमध्ये मोठा पल्स म्हणजे खाली भेग. झिर्कोनियाची उष्णतावाहकता जेमतेम दोन-तीन वॉट प्रति मीटर-केल्विन, अल्युमिनाच्या दहावा भाग. उष्णता आत पसरत नाही, वरच्या थरातच कोंडते. थर वितळतो, गोठताना आकसतो आणि तडकतो. नायट्राइड असेल तर ठिणगीच्या तापाने ते फुटून नायट्रोजनही सुटतो, आणि वितळलेल्या थरात बुडबुडे अडकून पृष्ठभाग फेसाळ दिसतो. काही सिरॅमिक्स वितळण्याआधीच पापुद्र्यासारखी सुटतात. टायटॅनियम डायबोराइडची ती खोड आहे. माल भराभर निघतो, पण पृष्ठभाग रवाळ राहतो.

डायसाठी या तडकलेल्या थराचं महत्त्व फार. सिरॅमिकची ताकद सगळ्यात मोठ्या भेगेवर ठरते, आणि रफ कटवर सोडलेल्या डायला भेगा आपणच करून दिलेल्या असतात. म्हणून एक रफ आणि निदान तीन स्किम कट, म्हणजे त्याच रेषेवरून हलके फिनिशिंगचे कट, प्रत्येक वेळी ऊर्जा उतरवत. शेवटी डायमंड पेस्टने लॅपिंग. गिऱ्हाइकाला दर सांगताना हे स्किम कट धरा, नाहीतर कार्बाइडच्या दराने काम घेऊन बसाल.

वायर साधी पितळी ०.२५ चालते. वायरचं ताण थोडं कमी करा. पाण्याची वाहकता १० मायक्रोसीमेन्सच्या आसपास ठेवा. बोअरचं पाणी सरळ टाकीत टाकत असाल तर पाण्यातले क्षार काढणारं रेझिन लवकर मरेल आणि पाण्यातून करंट गळत राहील. सिरॅमिकला मिळणारा करंट मुळातच कमी, त्यात ही गळती परवडत नाही. डीसी पल्सने पाण्यात नायट्राइडच्या पृष्ठभागावर ऑक्साइडही बसतं, तेव्हा मशिनमध्ये अँटी-इलेक्ट्रोलिसिसचा पर्याय असेल तर तो सुरू ठेवा. वर-खाली फिरणाऱ्या मॉलिब्डेनम वायरचं मशिन असेल तर त्यावर फक्त रफिंग करा.

क्लॅम्पकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. स्टीलचा जॉब टेबलाला कुठेही टेकला तरी भागतं. इथे क्लॅम्पखाली तांब्याचा पातळ पत्रा किंवा चांदीची पेस्ट द्या, आणि कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना संपर्क द्या. दोन बिंदूंवर टेकलेला जॉब संपर्काच्या जागीच ठिणग्या खातो आणि तिथेच चिरतो. स्टार्ट होलसाठी ड्रिल ईडीएमची पितळी नळी वापरा. हॉट प्रेसमध्ये भोक ठेवता येत नाही, आणि भाजल्यावर डायमंड ड्रिलने मारलं तर बाहेर पडताना कडा फुटते.

काही मिसळायचंच नसेल तरी एक वाट आहे, तीही सांगून ठेवतो. जपानात मोहरी, फुकुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात वीज न वाहणाऱ्या सिरॅमिकवर वाहक थर चढवून ईडीएम केलं. थर संपल्यावरही काम चालू राहतं, कारण तेल ठिणगीने जळून कार्बनचा पापुद्रा पृष्ठभागावर बसत राहतो आणि पुढच्या ठिणगीला तोच आधार. त्याला तेल हवं, पाण्यात हे होत नाही, म्हणजे तुमच्या स्पार्क मशिनवर छोट्या भोकांना जमेल. वेग अतिशय कमी. डायच्या प्रोफाइलला मी सुचवणार नाही.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच विचारून घ्या: डाय किती तापमानाला चालणार? साधं झिर्कोनिया हवेत हजार अंशांनाही टिकतं. नायट्राइड घातल्यावर ती मुभा गेली; पाचशेच्या पुढे मी हमी देणार नाही. थंड कामाची डाय असेल तर प्रश्न नाही. गरम पितळ ओढायची असेल तर हा मालच चुकीचा.

पहिली चकती आली की तिच्यातून डाय कापू नका. चकतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेषेत एक कट घ्या, रफच्या हलक्या सेटिंगवर, आणि वायर तुटेल तिथला एक्स-वाय आकडा लिहून ठेवा. मग तीनेक मिलिमीटर सरकून समांतर दुसरा कट. दोन्ही कटांत वायर चकतीच्या एकाच पट्ट्यात तुटली तर तिथे मिश्रणाची गाठ किंवा साच्यातला थर आहे, दोष पावडरीचा. तुटण्याच्या जागा कुठेही विखुरलेल्या असतील आणि चार पिनांचा आकडा चांगला असेल, तर फ्लशिंग (कटमध्ये पाणी मारणं) आणि ऑफ-टाइम (दोन पल्समधली विश्रांती) बघा. आणि कट सुरू होताना ठीक चालून मधोमध गेल्यावर वेग मंदावत असेल, तर क्लॅम्पपासूनच्या अंतराबरोबर रोध वाढतोय. दुसऱ्या बाजूलाही संपर्क द्या आणि तोच कट परत घेऊन बघा.